बालवस्त्रांचे घरगुती शिवणकाम

बालवस्त्रांचे घरगुती शिवणकाम : अर्भकावस्थेपासून साधारणपणे बारा वर्षे वयापर्यंतच्या मुलामुलींची वस्त्रे मापे घेऊन, कागदी नमुन्याच्या साहाय्याने कापड बेतून घरीच शिवण्याची कला. या कलेत मापन, नमुना तयार करणे वा निवडणे, कापड बेतणे, कापणे, शिवणे आणि शिवलेला कपडा अंगावर घालून पाहणे, अशा क्रमाने कामे करावी लागतात. प्रौढांच्या कपड्यांत अंगाला नेटके बसणे हा गुण प्रधान मानला जातो. बालवस्त्रांत मात्र हालचालीची मोकळीक, त्वचेला सुख देणारा पोत, वारंवार धुतले तरी टिकणारी शिवण आणि वाढत्या अंगाची तरतूद या गोष्टी अधिक महत्त्वाच्या ठरतात. मूल आपली अडचण सांगू शकत नाही. गळा आवळणारा किंवा काखेत रुतणारा कपडा ते केवळ रडून दाखविते. म्हणून बालवस्त्रे शिवणाऱ्यास मुलाच्या शरीराची ठेवण व वाढ यांचे ज्ञान असणे आवश्यक असते.

परंपरागत बालवस्त्रे : महाराष्ट्रात मुलाच्या जन्मानंतर बाळंतविडा देण्याची चाल आहे. त्यात झबली, टोपडी, कुंची, लंगोट, दुपटी इत्यादींचा समावेश असतो. यांपैकी दुपटे व लंगोट यांना बहुतेक कापणी लागतच नाही. चौकोनी वा त्रिकोणी तुकड्याच्या कडा दुमडून शिवल्या की वस्त्र तयार होते. कुंची म्हणजे डोके झाकून पाठीवर उतरणारे वस्त्र. तेही आयताकार कापडास वरच्या बाजूस चुण्या घालून किंवा दुमडून शिवता येते. झबले व टोपडे यांना मात्र गोलाई द्यावी लागते. नवजात बालकास प्रथम जुन्या, वापरून मऊ झालेल्या सुती लुगड्याचे किंवा धोतराचे कपडे घालण्याची पद्धत अनेक घरांत होती. तीमागे काटकसरीइतकेच व्यवहारज्ञानही होते. पुष्कळ धुण्यांतून गेलेल्या कापडातील खळ निघून गेलेली असते, ते आटावयाचे तेवढे आटलेले असते आणि त्याचा रंगही पुन्हा उतरत नाही. मोठ्या मुलींसाठी परकर-पोलके हा वेश रूढ होता. परकर सरळ पट्ट्याला नेफा घालून करीत, तर पोलके अंगाबरोबर बेतीत. या वस्त्रांचे माप बहुधा जुना कपडा नव्या कापडावर ठेवून घेतले जाई. म्हणजे जुना कपडा हाच नमुना असे. ही रीत सोपी असली, तरी जुना कपडा ताणलेला, आटलेला वा मुलास अपुरा झालेला असल्यास त्यातील दोष नव्या कपड्यात जसेच्या तसे उतरतात.

कागदी नमुन्यांचा इतिहास : कपड्याच्या बेताच्या आकृत्या छापण्याची प्रथा यूरोपात जुनी आहे. स्पॅनिश शिंपी ह्वान दे आल्सेगा याचा भूमितीच्या आधारे कापड बेतण्याविषयीचा ग्रंथ १५८० मध्ये माद्रिद येथे प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथांतील आकृत्या लहान प्रमाणावर काढलेल्या असत व त्या धंदेवाईक शिंप्यांसाठी असत; घरी शिवणाऱ्या स्त्रीस त्यांचा थेट उपयोग नव्हता. एकोणिसाव्या शतकात शिवणयंत्राचा प्रसार झाल्यावर परिस्थिती बदलली. एलिअस हौ याने १८४६ मध्ये व आयझाक सिंगर याने १८५१ मध्ये अमेरिकेत शिवणयंत्राची एकस्वे मिळविली. यंत्रामुळे शिवण्याचा वेळ वाचू लागला, परंतु बेतण्याची अडचण तशीच राहिली. एलेन डेमोरेस्ट हिने १८६० पासून आपल्या फॅशनविषयक नियतकालिकातून पातळ कागदाचे नमुने देण्यास सुरुवात केली.

मॅसॅचूसेट्स राज्यातील स्टर्लिंग या गावचा शिंपी एबेनेझर बटरिक याने १८६३ मध्ये श्रेणीबद्ध, म्हणजे वेगवेगळ्या मापांतील, नमुने विक्रीस आणले. त्याच्या पत्नीस आपल्या मुलाचा कपडा बेतताना आलेल्या अडचणीतून ही कल्पना सुचली, असे सांगतात. त्याच्या आरंभीच्या नमुन्यांत मुलांच्या कपड्यांना मोठी मागणी होती. इटलीचा स्वातंत्र्यवीर गॅरिबॉल्डी याच्या वेशावरून बेतलेला मुलांचा पोशाख विशेष लोकप्रिय झाला. स्त्रियांच्या कपड्यांचे नमुने त्याने त्यानंतर काढले. स्कॉटिश शिंपी जेम्स मॅकॉल याचा नमुन्यांचा व्यवसाय १८७० मध्ये सुरू झाला. प्रारंभीच्या नमुन्यांवर काहीही छापलेले नसे. छिद्रे व खाचा यांवरूनच जोड ओळखावे लागत. रेषा व सूचना छापलेले नमुने मॅकॉल कंपनीने १९२० च्या सुमारास प्रचारात आणले. जर्मनीत एने बुर्डा हिच्या नियतकालिकाने १९५० च्या दशकात एकाच मोठ्या कागदावर अनेक नमुन्यांच्या रेषा एकमेकींवर छापून देण्याची पद्धत लोकप्रिय केली. त्यांतून हवी ती रेषा दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यावी लागते. अलीकडे संगणकावर उतरवून घेऊन घरीच छापता येणारे नमुने प्रचारात आले आहेत. त्यांचे तुकडे चिकटवून पूर्ण नमुना करावा लागतो. त्यामुळे छापताना आकार कमीजास्त झालेला नाही ना, हे नमुन्यावर दिलेला चौरस मोजून प्रथम पाहणे अगत्याचे असते.

टंचाईच्या काळात घरगुती शिवणास विशेष महत्त्व येते. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून मार्च १९४९ पर्यंत कपड्यांवर नियंत्रण होते. तेव्हा मोठ्यांच्या जुन्या कपड्यांतून मुलांचे कपडे बेतण्यास शासनाने उत्तेजन दिले आणि त्यासाठी १९४३ मध्ये दुरुस्ती व पुनर्वापर यांविषयीची पुस्तिकाही प्रसिद्ध केली. अमेरिकेत १९३० च्या दशकातील मंदीच्या काळी धान्य व पशुखाद्य यांच्या सुती पोत्यांपासून मुलींचे झगे शिवले जात. पुढे पोत्यांचे कारखानदार कापडावर मुद्दाम फुलांची नक्षी छापू लागले.

भारतातील प्रसार : भारतात शिवणयंत्राचा प्रवेश एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. स्त्रीशिक्षणाच्या संस्थांनी शिवणकामास अभ्यासक्रमात स्थान दिले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनातील शिवणवर्ग हे त्याचे ठळक उदाहरण होय. विधवा व परित्यक्ता यांना घरबसल्या उपजीविकेचे साधन मिळावे, हा त्यामागील हेतू होता. यंत्रांविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनीही १९२४ मधील एका संवादात शिवणयंत्राचा अपवाद केला. पत्नीचे कष्ट कमी करण्याच्या प्रेमातून ते निर्माण झाले, असे त्यांचे म्हणणे होते. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय एंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्रांचे उत्पादन सुरू केल्यावर देशी यंत्र मध्यमवर्गीयांच्या घरांत पोहोचू लागले. पश्चिमेकडील तयार कागदी नमुने मात्र येथे फारसे रुजले नाहीत. छातीच्या मापाच्या अपूर्णांकांवरून आकृती काढण्याची शिंप्यांची रीत येथील शिवणवर्गांनी स्वीकारली आणि तपकिरी कागदावर स्वतः नमुना काढणे हाच शिक्षणाचा पाया ठरला. या रीतीत एकदा हात बसला की कोणत्याही मुलाचा नमुना काढता येतो, हा तिचा मोठा गुण आहे. भारतात मेट्रिक पद्धती १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने लागू झाली असली, तरी शिंपीकामात इंचाचे माप अद्यापि प्रचारात आहे. टेपच्या एका बाजूस इंच व दुसऱ्या बाजूस सेंमी. असल्याने एकच बाजू शेवटपर्यंत वापरण्याची दक्षता घ्यावी लागते.

बालशरीराची ठेवण : लहान मूल म्हणजे प्रौढाची लहान प्रतिकृती नव्हे. नवजात बालकाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सु. १/४ असते, प्रौढात हे प्रमाण १/७ ते १/८ असते. जन्मतः डोक्याचा घेर छातीच्या घेरापेक्षा किंचित जास्त असतो. वर्षाच्या सुमारास दोन्ही सारखे होतात व त्यानंतर छाती पुढे जाते. मान आखूड, खांदे उतरते व पोट पुढे आलेले असते. पाचसहा वर्षांपर्यंत कंबर अशी वेगळी दिसत नाही. त्यामुळे कमरेवर टेकणारा कपडा खाली सरकतो. लहान मुलांचे कपडे खांद्यावर तोललेले असावेत किंवा त्यांना इलॅस्टिक अथवा खांदपट्ट्या असाव्यात, हा नियम त्यातूनच आला. याच कारणाने बालवस्त्रांत छातीचे व कमरेचे टक घालीत नाहीत. मोकळीक चुण्यांनी साधतात.

वाढीचा वेगही सर्व अवयवांत सारखा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांसाठी जी सहा देशांतील केंद्रे निवडली होती, त्यांत दिल्लीचाही समावेश होता. या मानकांनुसार मुलग्याची मध्यम लांबी जन्मतः ४९.९ सेंमी., एक वर्षाची असता ७५.७ सेंमी., दोन वर्षांची असता ८७.८ सेंमी. व पाच वर्षांची असता ११० सेंमी. असते. म्हणजे पहिल्या वर्षी सु. २६ सेंमी., दुसऱ्या वर्षी सु. १२ सेंमी. व पुढे प्रतिवर्षी सु. ७ ते ८ सेंमी. वाढ होते. डोक्याचा घेर जन्मतः सु. ३४.५ सेंमी. व वर्षाअखेर सु. ४६ सेंमी. असतो, त्यानंतर तो फार मंद गतीने वाढतो. एक ते सहा वर्षांच्या काळात उंची सु. दीडपट होते, छाती सु. सव्वापट होते आणि डोक्याचा घेर एकदशांशाच्या आसपासच वाढतो. नमुना सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात मोठा करून मोठ्या मुलाचा कपडा का साधत नाही, हे यावरून ध्यानात येईल. तसे केल्यास गळा मोठा, खांदे उतरलेले व उंची अपुरी असा कपडा तयार होतो. श्रेणीबद्ध नमुन्यांचे महत्त्व यातच आहे. यूरोपात बालवस्त्रांचा क्रमांक उंचीवरून (५६, ६२, ६८, ७४, ८० याप्रमाणे सहा सेंमी.च्या अंतराने) देतात. वयावरून दिलेला क्रमांक केवळ अदमासाचा असतो. समवयस्क मुलांच्या उंचीत पुष्कळ फरक असू शकल्याने नमुना वयावरून न निवडता मापावरून निवडावा.

मापे : छाती, कंबर, खांदा, पाठीची लांबी, कपड्याची पूर्ण उंची, बाहीची लांबी, दंडाचा घेर, डोक्याचा घेर व बैठकीची उंची ही मुख्य मापे होत. माप पातळ कपड्यावरून घ्यावे; टेप सैल नसावी व आवळलेलीही नसावी. मूल स्थिर उभे राहत नाही, म्हणून कमरेभोवती एक नाडी बांधून त्या रेषेपासून वरखाली मोजणे सोयीचे असते. बैठकीची उंची मुलास सपाट पृष्ठावर बसवून कमरेपासून त्या पृष्ठापर्यंत मोजतात. चड्डी व पायजमा यांस ती आवश्यक असते. लंगोट वा डायपर वापरणाऱ्या बालकाच्या बाबतीत तो बांधूनच हे माप घ्यावे. तान्ह्या मुलाचे माप ते निजले असता घेणे सुलभ जाते. मापांबरोबर तारीखही लिहून ठेवावी, कारण तान्ह्या मुलाची तीन महिन्यांपूर्वीची मापे बहुधा निरुपयोगी झालेली असतात.

नमुन्याचे वाचन : नमुन्याच्या प्रत्येक तुकड्यावर त्याचे नाव, किती तुकडे कापावयाचे त्याची संख्या, उभ्या धाग्याची दिशा दर्शविणारा बाण, घडीवर ठेवावयाची कड आणि जोडाच्या खाचा दाखविलेल्या असतात. शिवणीसाठी कडेला सोडलेल्या जास्त कापडास माया म्हणतात. काही नमुन्यांत माया धरलेली असते, तर काहींत ती नसते. हे न पाहता कापल्यास चारही शिवणींत मिळून कपडा पाच-सहा सेंमी.नी तंग होऊ शकतो. नवशिक्यांच्या हातून होणारी ही सर्वांत सामान्य चूक होय. अंगाच्या मापापेक्षा कपड्यात ठेवलेल्या मोकळिकीचा विचारही स्वतंत्रपणे करावा लागतो. माया शिवणीत जाते, तर मोकळीक अंगाभोवती राहते. कापडाचा उभा धागा कमी ताणला जातो, आडवा थोडा अधिक आणि तिरका, म्हणजे उरेब, सर्वाधिक ताणला जातो. म्हणून कपड्याची उंची उभ्या धाग्यावर घेतात आणि गळा व मुंढा यांच्या गोलाईस लावावयाच्या पट्ट्या उरेब कापतात. सरळ पट्टी गोलाईस लावल्यास ती वळत नाही व तिला सुरकुत्या पडतात.

कापड : तान्ह्या मुलासाठी मलमल, व्हॉइल, केंब्रिक यांसारखी पातळ सुती कापडे चांगली. थंडीत सुती फ्लॅनेल वापरतात, परंतु त्याची लव चटकन पेट घेते. खेळत्या मुलाच्या चड्डीस व झग्यास पॉपलीन किंवा खादी टिकाऊ ठरते. सणासाठी खणाचे परकर-पोलके शिवतात. कृत्रिम धाग्यांचे कापड लवकर वाळते व चुरगळत नाही, तथापि ते घाम शोषून घेत नसल्याने उष्ण हवेत मुलाच्या अंगावर घामोळे येण्यास कारण होते. जरीची किनार व टोचणारी भरतकामाची पाठ प्रत्यक्ष अंगास लागता कामा नये. बेतण्यापूर्वी कापड पाण्यात भिजवून, वाळवून इस्त्री करावे. त्यामुळे खळ निघून जाते व आटण्याचा प्रश्न आधीच सुटतो. शेकडा ५ आटणाऱ्या कोऱ्या कापडाचे ३२ सेंमी. उंचीचे झबले पहिल्याच धुण्यात दीड सेंमी.हून अधिक आखूड होते.

साधने : टेप, पट्टी, तपकिरी कागद, खडू, टाचण्या, कापडाची व कागदाची अशा दोन वेगळ्या कातरी, सुया, अंगुस्तान व शिवणयंत्र एवढी सामग्री पुरेशी असते. कापडाच्या कातरीने कागद कापल्यास तिची धार जाते. पातळ कापडास बारीक सुई व आखूड टीप वापरावी. यंत्र नसल्यास तान्ह्या मुलाचे सर्व कपडे हातानेही उत्तम शिवता येतात. धावदोरा, उलटटीप, तुरपाई व काज एवढे टाके त्यासाठी यावे लागतात.

झबल्याचा बेत : घरगुती शिवणाचा आरंभ झबल्यापासून करण्याची पद्धत आहे. सहा महिन्यांच्या, ४४ सेंमी. छातीच्या बालकाचे झबले उदाहरणादाखल घेता येईल. पूर्ण उंची ३२ सेंमी. धरावी. कागद घडी घालून पुढील भागाच्या निम्म्याची आकृती काढतात. घडी ही मध्यरेषा होय. वरच्या आडव्या रेषेवर मध्यापासून बाहीच्या टोकापर्यंत १७.५ सेंमी. अंतर घ्यावे, त्यात निम्मा खांदा व अखंड बाही दोन्ही येतात. छातीची रेषा वरून छातीच्या १/४ म्हणजे ११ सेंमी.वर काढून, तीवर छातीचा १/४ अधिक ३ सेंमी. मोकळीक अशी १४ सेंमी. रुंदी घ्यावी. खालच्या घेराची रुंदी १७ सेंमी. ठेवावी. बाहीचे तोंड ९ सेंमी. धरून ते काखेच्या बिंदूस गोलाईने जोडावे. गळ्याची रुंदी छातीच्या १/१२ अधिक अर्धा सेंमी. म्हणजे सु. ४.२ सेंमी., पुढील खोली सु. ४.७ सेंमी. व मागील खोली १.५ सेंमी. घ्यावी. असा गळा पूर्ण केल्यावर त्याचा घेर सु. २३ सेंमी. भरतो. या वयाच्या बालकाच्या डोक्याचा घेर ४२ ते ४३ सेंमी. असतो, अर्थात झबले बंद गळ्याचे ठेवल्यास ते डोक्यातून जाणारच नाही. गळा मोठा केल्यास ते खांद्यावरून घसरते. यावर उपाय म्हणजे झबले उघडे ठेवणे. अनेक घरांत ते पाठीमागे उघडे ठेवतात. तथापि बालकास पाठीवर निजविणे सुरक्षित समजले जात असल्याने पुढे उघडणारे झबले घालण्यास व काढण्यास अधिक सोयीचे पडते आणि बटणे पाठीत रुतत नाहीत.

कापड खांद्याच्या रेषेवर घडी घालून पुढील व मागील भाग अखंड कापावेत, म्हणजे खांद्यावर शिवण येत नाही. बाजूच्या शिवणीस १.५ सेंमी., बाहीच्या तोंडास १ सेंमी. व खालच्या दुमडीस २ सेंमी. माया सोडावी. एका झबल्यास सु. ३७ सेंमी. रुंद व ६८ सेंमी. लांब कापड लागते. ९० सेंमी. पन्ह्याच्या ७० सेंमी. कापडात दोन झबली शेजारीशेजारी बसतात व उरलेल्या पट्टीतून गळ्याच्या उरेब पट्ट्या व बंद निघतात. पुढील मध्यरेषेवर चीर घेऊन एका काठास २ सेंमी. रुंदीची पट्टी जोडावी व दुसरा काठ दुमडावा. बाजूच्या शिवणी दुहेरी घालाव्यात. त्यासाठी कापडाच्या उलट बाजू एकमेकींस लावून कडेपासून अर्ध्या सेंमी.वर पहिली टीप मारावी, सुटलेले धागे कापून कापड उलटवावे आणि दुसरी टीप अशी मारावी की, पहिल्या टिपेची कड तिच्या आत बंद होईल. काखेच्या गोलाईत पहिल्या टिपेनंतर मायेस बारीक काप दिल्यास तेथे कापड ओढले जात नाही. शेवटी गळ्यास उरेब पट्टी लावून आतून तुरपावी. गळ्याशी टिचबटण व छातीच्या पातळीवर १२ सेंमी. लांबीचे बंद घट्ट शिवावेत.

झबले साधले की, त्याच आकृतीत फेरफार करून इतर वस्त्रे बेतता येतात. छातीच्या रेषेच्या थोडे वर आकृती आडवी छेदून खालच्या भागास छातीच्या दीड ते दोनपट घेराचे चुणीदार कापड जोडले की फ्रॉक होतो. बाही वेगळी कापून मुंढ्यास जोडली की सदरा होतो. चड्डीत मात्र मागील भागाची उंची पुढील भागापेक्षा २ ते ३ सेंमी. अधिक ठेवावी लागते, नाहीतर मूल बसले की कमर मागून खाली ओढली जाते.

वाढत्या अंगाची तरतूद : मुलांचा कपडा ‘वाढत्या अंगाचा’ शिवावा, असे मराठीत म्हटले जाते. याचा अर्थ तो दोन वर्षे पुढच्या मापाचा शिवावा, असा केला जातो; परंतु तो बरोबर नाही. फार मोठ्या कपड्यात मूल अडखळते, बाह्या हातावर येतात आणि कपडा मापात येईपर्यंत विरूनही जातो. उंची छातीपेक्षा वेगाने वाढते हे लक्षात घेऊन रुंदीत बेताची व लांबीत अधिक तरतूद ठेवणे, हा योग्य मार्ग होय. झग्याच्या घेरावर आडव्या दुमडी घालाव्यात, खालची दुमड ६ ते ८ सेंमी. ठेवावी, खांदपट्टीस दोन काजे करावीत, बाहीचे टोक उलटून ठेवावे. दुमड सोडल्यावर जुन्या टिपेची खूण दिसते. ती फितीने वा साध्या भरतकामाने झाकतात. धाकट्या भावंडास कपडा उतरवून द्यावयाचा असल्यास बाजूच्या शिवणीत माया अधिक ठेवणे हितावह असते.

सुरक्षितता : बालवस्त्रांतील धोके मुख्यतः तीन प्रकारचे होत : गळ्यास फास बसणे, लहान वस्तू गिळली जाणे व कपडा पेटणे. टोपीच्या किंवा गळ्याच्या नाड्या घसरगुंडीत, पाळण्यात वा वाहनाच्या दारात अडकून मुले दगावल्याच्या घटनांमुळे अमेरिकेत १९९६ मध्ये अशा नाड्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढण्यात आल्या. यूरोपीय मानकानुसार सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत गळ्याशी व टोपीस नाड्या नसाव्यात. परंपरागत कुंचीचे व टोपड्याचे लांब बंद या दृष्टीने आखूड करणे, तसेच मूल झोपले असता ते सोडून ठेवणे आवश्यक आहे. बटणे, मणी, टिकल्या व घुंगरू ओढून निघत नाहीत, याची प्रत्येक धुण्यानंतर खात्री करावी. तीन वर्षांखालील मुलांच्या कपड्यांवर शोभेची लहान वस्तू शक्यतो लावूच नये. मोज्यांच्या व हातमोज्यांच्या आतील सुटे धागे बोटांभोवती गुंडाळून रक्तप्रवाह थांबण्याचा संभव असतो. ते कापून टाकावेत.

आगीचा धोका घेरदार व सैल कपड्यांत विशेष असतो. जमिनीवर ठेवलेली शेगडी वा स्टोव्ह, देवापुढील समई व दिवाळीतील पणत्या यांच्याजवळ घेरदार फ्रॉक चटकन पेट घेतो. अमेरिकेत १९७१ मध्ये मुलांच्या रात्रीच्या कपड्यांसाठी ज्वलनविरोधाचे मानक ठरविण्यात आले. त्यासाठी वापरलेल्या ट्रिस या रसायनापासून कर्करोगाचा धोका असल्याचे आढळल्याने १९७७ मध्ये त्यावर बंदी घालावी लागली. रसायनावर विसंबण्यापेक्षा कपड्याची रचनाच सुरक्षित ठेवणे श्रेयस्कर, हा त्यातून मिळणारा धडा होय. अंगाबरोबर बसणारा कपडा हवा आत खेळू देत नसल्याने सैल कपड्याइतक्या वेगाने पेटत नाही. म्हणून रात्रीचे व स्वयंपाकघरात वावरतानाचे कपडे बेताच्या घेराचे शिवावेत.

महत्त्व : तयार कपड्यांच्या कारखानदारीमुळे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून घरगुती शिवणाची व्याप्ती कमी झाली. साध्या कपड्यांच्या बाबतीत तयार मालाची किंमत पुष्कळदा घरच्या कापडाच्या किंमतीएवढीच असते. त्यामुळे केवळ पैशाची बचत हे घरी शिवण्याचे कारण आता पूर्वीइतके सबळ राहिलेले नाही. असे असले, तरी ज्यांच्या शरीराची ठेवण ठराविक मापात बसत नाही, अशा मुलांसाठी घरगुती शिवणास पर्याय नाही. अपुऱ्या दिवसांची बालके, हाता-पायास प्लॅस्टर असलेली वा कायमचे अपंगत्व असलेली मुले यांना उघडण्याची जागा बदललेले, एका बाजूने पूर्ण मोकळे होणारे कपडे लागतात व ते बाजारात क्वचितच मिळतात. जुन्या साडीचे झबले, विरलेल्या चादरीची दुपटी, उरलेल्या चिंध्यांची गोधडी, अशा क्रमाने कापडाचा शेवटपर्यंत उपयोग करण्याची सवयही या कलेमुळे टिकून राहते. उपजीविकेचे साधन म्हणूनही शिवणकामाचे स्थान कायम आहे. केंद्र शासनाने २०२३ मध्ये सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा पारंपरिक व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. कापड थोडे लागत असल्याने व चूक झाल्यास हानी अल्प होत असल्याने शिवण शिकणाऱ्याने बालवस्त्रांपासून आरंभ करावा, हा शिवणवर्गांचा जुना संकेत आजही उपयुक्त आहे.